दसऱ्याला विकण्याआधी घरचा नर निवडून ठेवा

नवरात्र उतरलं की गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक वाढतं. व्यापारी दारात येतो, डालग्यातला सगळ्यात भारी, सगळ्यात लवकर वाढलेला कोंबडा उचलतो आणि पैसे मोजतो. मागे राहिलेला रोडका नर पुढचं वर्षभर कळपाचा बाप होतो. चार-पाच वर्षं असंच चाललं की पिल्लं बारकी निघू लागतात आणि खापर गावरान जातीवर फुटतं. म्हणून यंदा व्यापाऱ्याला खुराड्याजवळ नेण्याआधी पैदाशीचे दोन नर वेगळे बांधा. दोन अशासाठी, की एकाला बोका नेतोच.

आठ ते दहा माद्यांमागे एक नर लागतो. त्या सगळ्यांच्या पिल्लांत निम्मा वाटा या एकट्याचा. मादी निवडताना थोडी चूक खपते, नराची खपत नाही. तुलना एकाच वेळी उबवलेल्या पिल्लांतच करा. पावसाळ्यातला नर आणि माघातला नर शेजारी ठेवून काही कळत नाही. डोळ्यांवर विसंबू नका, फुगलेला पिसारा फसवतो. बाराव्या आठवड्यात काट्यावर वजन घ्या आणि लिहून ठेवा. वजनाचा गुण बापाकडून पिल्लांत बऱ्यापैकी उतरतो, एक-दोन पिढ्यांत फरक हाताला लागतो.

अंड्यांचं तसं नाही. अंडी किती पडतील यात खाद्य, उजेड आणि आजार यांचा वाटा मोठा, रक्ताचा कमी. त्यात कोंबडा स्वतः अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून काही ठरवता येत नाही. कोणती मादी जास्त अंडी घालते ते कॅलेंडरवर मांडा आणि तिचा मुलगा ठेवा. खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवत बसण्याची, सवयही वंशातून येते. उबवणी यंत्र नसेल तर खुडूक होणाऱ्या सगळ्याच माद्या विकून मोकळे होऊ नका. पिल्लं त्याच काढणार आहेत.

विदर्भ-मराठवाड्यात, जिथे मे महिन्यात माद्या धापा टाकतात आणि अंडी बंद होतात, तिथे उघड्या मानेची कोंबडी मला सर्वांत उपयोगी वाटते. काही लोक तिला कुरूप म्हणून आधी कापतात. पण मानेवर पिसं नसल्याने अंगातली उष्णता सहज बाहेर पडते, आणि हा गुण फक्त मानेपुरता नसतो, सगळ्या अंगावरचीच पिसं कमी होतात. पिसांवर खर्च होणारी प्रथिनंही वाचतात. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच देशी रक्तावरून ‘हितकारी’ हे वाण तयार केलं.

या गुणाचा हिशेब सोपा आहे, कारण तो पक्ष्याच्या अंगावर दिसतो. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीच्या थोडं वर पिसांचा झुपका असेल तर त्या पक्ष्याला हा गुण आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळालेला. मान जवळजवळ पूर्ण उघडी असेल तर दोघांकडून. झुपकेवाला नर पूर्ण पिसांच्या माद्यांत सोडला तर सरासरी निम्मी पिल्लं उघड्या मानेची निघतात. पूर्ण उघडा नर त्याच माद्यांत सोडला तर सगळीच, आणि सगळी झुपकेवाली. मला ही दुसरी जोडी पसंत आहे. दोन्हीकडून गुण आलेल्या पिल्लांत अंड्यातच मरण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून उघडा नर आणि उघडी मादी अशी जोडी घाऊक लावू नये. पिल्लू अंड्यातून निघतानाच मानेवर लव नसते, त्यामुळे निवड पहिल्या दिवशीच होते. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात मात्र या कोंबड्यांना खाद्य जास्त लागतं. तिथे मी हा आग्रह धरणार नाही.

उलट्या, कुरळ्या पिसांची कोंबडीही उन्हाला चांगली. अट एकच, कुरळ्याला जोडीदार साध्या पिसांचाच द्यायचा. दोन्ही कुरळे असतील तर सरासरी चौथ्या हिश्शाच्या पिल्लांची पिसं इतकी वळतात की तुटून अंग उघडं पडतं.

कडकनाथ घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की कातडीचा काळा रंग संकरातही उतरतो. काळा दिसला म्हणजे शुद्ध, असं नाही. अंडंही काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. वनराजा, गिरिराजा या सुधारित कोंबड्यांची अंडी घरी उबवून तीच जात मिळेल ही आशाही सोडा. ते संकर आहेत, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पिल्लं दरवेळी उबवणी केंद्रातूनच आणावीत.

पिवळ्या पायांवरून भांडणं होतात म्हणून सांगतो. पिवळा रंग आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, तोवर लपून राहतो. पांढऱ्या पायांच्या जोडीला पिवळ्या पायांचं पिल्लू झालं तर शेजाऱ्याच्या कोंबड्यावर लगेच आळ घेऊ नका. हा गुण पाळीव कोंबड्यांत राखाडी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ मध्ये सिद्ध झालं. आपल्या सह्याद्रीत आरवतो तोच हा रानकोंबडा.

आता वेळेचं गणित. मादीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी तीनही टिकतं. जुना नर काढल्यावर लगेच उबवायला ठेवलेल्या अंड्यांतून जुन्याचीच पिल्लं निघतील. दसऱ्याला नर बदला. दिवाळीपर्यंतची अंडी खा किंवा विका. भाऊबीजेनंतर उबवणीची अंडी गोळा करायला लागा. सात दिवसांपेक्षा जुनं, तडकलेलं, फार लहान किंवा दोन बलकांचं अंडं नको. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघून वांझ अंडी काढा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील ती ऐन थंडीत, तेव्हा यंत्रातली पिल्लं असतील तर बल्बखाली पहिला आठवडा ३५ अंश राखा आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवा. ही पिल्लं मे महिन्यापर्यंत उन्हाला तोंड देण्याइतकी मोठी झालेली असतात.

बाप-लेक, भाऊ-बहीण यांची जोडी लावू नका. उबवण घटते, पिल्लं मरतात. दरवर्षी लांबच्या गावातल्या कोणाशी तरी नराची अदलाबदल करा. आलेला नर तीन आठवडे वेगळा ठेवा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का विचारा, मगच कळपात सोडा. यंदाच्या पिल्लांच्या पायात एका रंगाची कडी घाला, पुढच्या वर्षीच्यांना दुसरा रंग. कडी बोटभर सैल हवी, घट्ट असली तर पाय वाढतो तशी ती मांसात रुतते.