पावसाळ्यात चिकट झालेली बाहुली

पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावरची जुनी ‘रबरी’ बाहुली हाताला चिकटते, ती नुसत्या मळामुळे नव्हे. ती खरं तर व्हिनाइल या प्लॅस्टिकची असते; ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून मऊ फडक्याने पुसली, ओठ-भुवयांचा रंग सोडून. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, आतला लोखंडी भाग गंजतो. स्पिरिट तर नकोच, रंग उतरतो. दिवसभर पंख्याखाली वाळवून टाल्कम पावडर हलकी चोळली. चिकटपणा पुन्हा येतो. तेव्हा परत हेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा. डांबरगोळ्या मात्र लांब ठेवा. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं.