वार बघून गाडी काढा: यॉर्कशर डेल्समधला एक निवांत दिवस

इंग्लंडमधल्या बाजाराच्या गावांकडे गाडीने जायचं असेल, तर नकाशा उघडण्याआधी वार ठरवा. ही गावं आठवडी बाजारावर वाढली आणि बाजार आजही ठरलेल्या वारीच भरतो. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स या खोऱ्यांच्या प्रदेशात हॉझचा बाजार मंगळवारी, लेबर्नचा शुक्रवारी, रिचमंडचा शनिवारी, मॅसमचा बुधवारी आणि शनिवारी. भलत्या वारी गेलात तर त्याच सुंदर चौकात फक्त उभ्या गाड्या दिसतात. आई, मावशी, काका असं कुणी राहायला आलं की मी मंगळवार राखून ठेवते. एका दिवसात एकच भरलेला बाजार पुरतो, बाकीची गावं शांतपणे बघायची.

मी सुचवते तो रस्ता असा: मॅसम, मिडलम, लेबर्न, हॉझ, तिथून बटरटब्सची खिंड ओलांडून म्यूकर, रीथ आणि शेवटी रिचमंड. म्हणजे वेन्स्लीडेलच्या खोऱ्यातून वर जायचं आणि शेजारच्या स्वेलडेलमधून खाली यायचं. सगळं मिळून साठेक मैल. नकाशावर हे अंतर फार थोडं वाटतं आणि वाटेत अजून एखादं गाव कोंबायचा मोह होतो. तो आवरा. लंडनहून येणाऱ्यांनी यॉर्कपर्यंत रेल्वेने यावं आणि गाडी तिथे भाड्याने घ्यावी. हायवेवर अर्धा दिवस घालवण्यात काही अर्थ नाही.

भारतीय लायसन्सवर पाहुण्यांना इथे १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. क्रेडिट कार्ड मात्र चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं, हे आधी बघून ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं निवडा. गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे आपल्याला हात बसवावा लागत नाही. सवयी बदलाव्या लागतात त्या वेगळ्याच. समोरच्याने हेडलाइट चमकवला की आपण थांबतो, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. इथे बहुतेक वेळा तो ‘या, तुम्ही पुढे या’ असं सांगत असतो. तरी गाडी खरंच थांबली आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे व्हा. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आणि हॉर्न विसरून जा.

गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ६० मैल असते, पण डेल्समध्ये तो आकडा गाठायचा नसतो. रस्त्याला कड अशी नाहीच; डांबर संपतं तिथे दगडी गडगा सुरू होतो. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर रस्ता रुंद केलेली जागा ज्याच्या डाव्या हाताला असेल त्याने तिच्यात शिरायचं. ती उजव्या हाताला असेल तर तिच्या अलीकडे आपल्या बाजूलाच थांबायचं. गाडी गेली की हात वर करून आभार मानायचे. हे इथे सगळे करतात आणि मला ते मनापासून आवडतं.

नऊच्या सुमारास मॅसमला पोचा. चौक ऐसपैस आहे, कॉफी घ्या आणि निघा. पुढे जर्वो ॲबीचे अवशेष लागतात. हा मठ १५३७ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मोडला गेला. तिकीटघर नाही, पेटीत पैसे टाकून आत जायचं, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या. वेन्स्लीडेल चीजचं मूळ इथल्याच सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंकडे जातं. तेव्हा ते मेंढीच्या दुधाचं करत.

मिडलमला राजा तिसऱ्या रिचर्डचं किशोरपण गेलं तो किल्ला आहे, आणि शर्यतीच्या घोड्यांचे तबेले आहेत. सकाळी घोड्यांची रांग रस्त्यावरूनच सरावाला जाते. त्यांच्याजवळून ताशी १० मैलांपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही आणि मध्ये किमान २ मीटर अंतर ठेवायचं. जागा नसेल तर मागे थांबा. घाई कसली आहे?

लेबर्नला पेट्रोल भरून घ्या. लगेच पुढे वेन्स्ली हे लहानसं खेडं लागतं. खोऱ्याला नाव देणारं हे गाव एकेकाळी स्वतः बाजाराचं होतं. १५६३ च्या प्लेगने ते उजाड झालं आणि पुढे बाजाराचा मान लेबर्नकडे गेला. पाच मिनिटं उतरून चर्च पाहा. नंतर एझगार्थला यूर नदीचे तीन टप्प्यांतले धबधबे आहेत. वेळ कमी असेल तर वरचा टप्पा पुरे.

हॉझला साडेअकरापर्यंत पोचलात तर उत्तम. मंगळवारी पार्किंगसाठी मध्यवर्ती रस्त्यावर घिरट्या घालू नका, गावाच्या कडेच्या पैसे भरायच्या पार्किंगमध्ये गाडी सरळ लावा. बाजार मोठा नाही. पण आसपासच्या वाड्यांवरचे शेतकरी खरोखर सामान घ्यायला आलेले असतात, आणि त्यांच्यात उभं राहून भाजी, पाव, चीज घेण्यात जी मजा आहे ती भेटवस्तूंच्या दुकानांत नाही. गावातल्या चीजच्या कारखान्यात काचेतून काम बघता येतं. हा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला होता. इथल्याच व्यवस्थापकांनी तो विकत घेऊन पुन्हा सुरू केला. शाकाहारी असाल तर चीजमधलं रेनेट (दूध विरजायला वापरतात तो पदार्थ, तो प्राण्यांपासूनचा असू शकतो) कोणतं ते विचारा. शाकाहारींसाठी योग्य असेल तर बहुधा पाकिटावरही लिहिलेलं असतं. चीजबरोबर फ्रूटकेकचा तुकडा घ्या. ही खास यॉर्कशरची जोडी आहे, बिचकू नका.

जेवण पबमध्ये करायचं तर दीडच्या आत बसा, कारण दोन-अडीचला अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. बऱ्याच पबमध्ये काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि पैसे तिथेच भरायचे.

आता दिवसाचा सर्वांत सुंदर भाग. हॉझच्या उत्तरेचा रस्ता ५२६ मीटर उंचीच्या बटरटब्स खिंडीवर चढतो. २०१४ मध्ये टूर द फ्रान्सचे सायकलस्वार याच घाटातून गेले होते. चढ-उतार तीव्र आहेत, उतरताना खालचा गिअर ठेवा. माथ्याजवळ चुनखडीच्या दगडात खोल नैसर्गिक विहिरी आहेत. बाजाराला निघालेले लोक उन्हात लोणी वितळू नये म्हणून ते त्यांच्या गारव्यात उतरवून ठेवत, असं इथे सांगतात. मेंढ्या मोकळ्या फिरतात. एप्रिल-मेमध्ये कोकरू एका बाजूला आणि त्याची आई दुसऱ्या बाजूला दिसली, तर ते तुमच्या गाडीसमोरूनच तिच्याकडे धावणार हे गृहीत धरा.

पलीकडे स्वेलडेल. इथे मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. म्यूकरला गाडी लावून गवताच्या कुरणांतून नदीपर्यंत चाला. जूनच्या उत्तरार्धात ही कुरणं रानफुलांनी भरलेली असतात. जुलैच्या मध्यानंतर कापणी सुरू होते. फरशीची पायवाट सोडू नका, एकामागे एक चाला, कारण हे गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे. शेताशेतांत दिसणाऱ्या दगडी कोठारांत खाली गुरं आणि वर गवत ठेवत. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं मिळालं तसंच सोडा. माझ्या मावशीला मी इथे घाई करू दिली नाही, तुम्हीही तासभर द्या.

रीथला उतरत्या हिरवळीच्या काठाशी चहा घ्या आणि रिचमंड गाठा. १०७० च्या दशकात बांधायला घेतलेला किल्ला बाहेरून, नदीकडच्या वाटेने बघा. पाचनंतर दुकानं बंद होतात, म्हणून रात्रीच्या जेवणाचं टेबल सकाळीच फोन करून राखून ठेवा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा परतीचा रस्ता सोपा. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो आणि बर्फाने खिंड बंद होऊ शकते. त्या दिवसांत हॉझहूनच आल्या वाटेने मागे फिरा.