अंड्यांवर फुली मारली आणि रवण (कोंबडीखाली अंडी उबवणं) साधली

मागच्या खेपेला खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली 11 अंडी ठेवली, पिल्लं निघाली 4. दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत रोज नवी अंडी घालून जात होत्या. पहिली पिल्लं निघताच ती त्यांना घेऊन उठली, मागची अर्धवट उबलेली गार पडली. फार जीव हळहळला.

या वेळी सगळी अंडी एकाच संध्याकाळी ठेवली, नवं अंडं ओळखू यावं म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली, दुसऱ्या कोंबड्या शिरू नयेत म्हणून वर डालगं (विणलेली टोपली) झाकलं. दिवसातून एकदा दाणापाण्याला तिला 15-20 मिनिटं सोडायचे. सातव्या रात्री अंधारात अंड्यांना बॅटरी लावून आत पाहिलं: लाल शिरांचं जाळं, मध्ये काळा ठिपका! 2 कोरी (आत पिल्लू न धरलेली) होती, ती काढली. एकविसाव्या दिवशी 8 पिल्लं पंखाखालून डोकावत होती.