घरावर नोटीस आली तेव्हा

बाबा गेले, दुकान चार महिने बंद राहिलं आणि कर्जाचे हप्ते थकले. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं, हे मला नोटीस आल्यावर कळलं. इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर तारण होतं. नोटीस होती सरफेसी कायदा, २००२, कलम १३(२) खाली; म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणारा कायदा. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

वकीलकाकांनी आधी मला शांत बसवलं. म्हणाले, "घाबरून कुठेही सही करू नकोस. रक्कम चुकती करायला ६० दिवस आहेत तुझ्याकडे."

रात्रभर पासबुकं चाळली. भरलेले दोन हप्ते खात्यात धरलेलेच नव्हते! पावत्या जोडून लेखी आक्षेप रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावती जपली. अशा आक्षेपाला बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. मी नुसती फोनवर विनवण्या करत बसलो असतो तर हे हाती लागलं नसतं.

हिशेब दुरुस्त झाला. उरलेली थकबाकी आईच्या एफडीतून भरली, नोटीस मागे घेतली गेली. ताबा घेतलाच असता, तर ४५ दिवसांत जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता आला असता. काकांनी तोही तयार ठेवला होता.