भिंतीवरच्या शेवाळातले टार्डिग्रेड : कोल्हापूर परिसरात ते कसे शोधावेत आणि नोंदवावेत

टार्डिग्रेड हा आठ पायांचा आणि बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असलेला प्राणी पाहण्यासाठी कोल्हापूरकराला आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जावे लागत नाही. मात्र गगनबावड्याच्या धुक्यात वाढलेल्या शेवाळात आणि शिरोळच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीवर सारखेच टार्डिग्रेड असतात का, हे जाणून घ्यायचे असेल, तर नमुने घेताना शिस्त पाळावी लागते. पुढील माहिती प्रामुख्याने त्या शिस्तीविषयी आहे.

योहान आउगुस्ट एफ्राइम ग्योत्से या जर्मन धर्मोपदेशकाने १७७३ मध्ये या प्राण्याचे वर्णन केले आणि त्याला ‘पाण्यातले छोटे अस्वल’ म्हटले. आज त्याच्या १,३००हून अधिक जाती ज्ञात असून, हिमालयापासून खोल समुद्राच्या तळापर्यंत त्यांचा वावर आहे. अधिवास कोणताही असो, हालचाल करण्यासाठी, खाण्यासाठी आणि प्रजननासाठी टार्डिग्रेडला शरीराभोवती पाण्याचा पातळ थर लागतोच. तो थर आटला की जमिनीवरील बहुतेक जाती पाय आत ओढून, आक्रसून, पिंपासारखा आकार घेतात आणि पुन्हा पाणी मिळेपर्यंत तशाच पडून राहतात. अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणून गोठवलेल्या शेवाळातील टार्डिग्रेड २०१४ मध्ये पुन्हा हालचाल करू लागले होते.

शेवाळ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. रंकाळ्याच्या पायऱ्यांवरचा निसरडा हिरवा थर म्हणजे शैवाल. तो या कामाचा नाही. आपल्याला हवी ती मखमलीसारखी, बोटाने उचलता येणारी गादी, जिला वनस्पतिशास्त्रात हरिता किंवा मॉस म्हणतात. दगडफूलही तितकेच उपयोगी आहे. (आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेच, परंतु बाजारातली पुडी कुठल्या झाडावरून आली हे कळत नसल्याने वितरणाच्या, म्हणजे प्राणी कुठे-कुठे आढळतो याच्या, नोंदीसाठी तिचा उपयोग शून्य.)

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे सर्वांत ओले शेवाळ निवडणे. टार्डिग्रेडला श्वसनासाठी वेगळे इंद्रिय नसते, तो त्वचेतूनच प्राणवायू घेतो, आणि सतत पाण्यात तुंबलेल्या शेवाळात प्राणवायू कमी पडतो. म्हणून पावसात भिजणारे आणि ऊन पडताच वाळणारे शेवाळ आधी तपासावे : कौलांच्या कडा, जुन्या भिंतींचे माथे, आंब्याच्या किंवा वडाच्या खोडाची साल. एप्रिल-मे महिन्यांत ते तपकिरी आणि कागदासारखे कुरकुरीत झालेले असते; तेव्हा गोळा करणे सर्वांत सोयीचे, कारण प्राणी सुप्तावस्थेत असतात आणि नमुना महिनोन्‌महिने टिकतो.

दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो. तो कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. माझे सुरुवातीचे नमुने पिशवीत घाम सुटून बुरशीला बळी पडले होते. पाकिटावर तिथल्या तिथे तारीख, गाव, जमिनीपासूनची उंची, ऊन-सावली आणि आधार लिहावा. आधार म्हणजे शेवाळ काळ्या बेसॉल्टवर आहे, पन्हाळ्याकडच्या जांभ्यावर आहे, सिमेंटवर आहे की झाडाच्या सालीवर, हे. पन्हाळ्याच्या संरक्षित बांधकामांवरून काहीही खरवडू नये आणि दाजीपूर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना हात लावू नये. रस्त्याकडेच्या साध्या गडग्यावर पुरेसे शेवाळ असते.

घरी आल्यावर तुकडा उथळ बशीत उलटा ठेवून तो बुडेल इतके पावसाचे किंवा बाटलीबंद पाणी घालावे. नळाचेच पाणी वापरायचे असल्यास क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे. बशी रात्रभर सावलीत राहू द्यावी. टार्डिग्रेड अमर असल्याच्या गप्पा ऐकून ती उन्हात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वस्तुतः चिवटपणा सुप्तावस्थेतील प्राण्याचा असतो. एका जातीवरील प्रयोगात सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात निम्मे सक्रिय टार्डिग्रेड चोवीस तासांत मेले, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढे तापमान काही नवलाचे नाही.

सकाळी शेवाळ बशीतच पिळावे, पाणी चहाच्या गाळणीतून गाळावे आणि गाळ तळाशी बसू द्यावा. तो २० ते ४० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, बशीखाली काळा कागद ठेवून आणि प्रकाश बाजूने टाकून, ओळीओळीने पाहावा. गाळात इतरही सूक्ष्म प्राणी असतात : दोऱ्यासारखे सूत्रकृमी सळसळतात, रोटिफर जळवेसारखे लांब-आखूड होतात. संथपणे पाय झाडत मातीचा कण पकडू पाहणारा गुबगुबीत जीव दिसला, तर तो टार्डिग्रेड. ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर ठेवल्यावर १०० ते ४०० पटींत गटाची ओळख पटवता येते. पाठीवर चिलखतासारख्या पट्ट्या, केसांसारखे तंतू आणि बऱ्याचदा तांबूस रंग असेल तर तो एकिनिस्कससारखा. अंग उघडे आणि घशात मांसल गोळीसारखा अवयव व त्यात बारीक कांड्या दिसल्या तर मॅक्रोबायोटसच्या नात्यातला. घसा रुंद, कांड्या नाहीत आणि पोटात रोटिफरचे जबडे दिसत असतील तर शिकारी मिल्नेशियम. जातीपर्यंत पोहोचण्यासाठी नख्यांची मोजमापे आणि अंडी लागतात. ते काम तज्ज्ञांवर सोडावे.

वितरणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद शून्याची असते. एकाच भिंतीवर वीतभर अंतरावरच्या दोन तुकड्यांपैकी एकात वीस टार्डिग्रेड आणि दुसऱ्यात एकही नाही, असे सर्रास घडते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाहून किमान पाच तुकडे घ्यावेत, ते सारख्याच आकाराचे असावेत, आणि काही न सापडलेले पाकीटही वहीत चढवावे. हीच पद्धत गगनबावडा, कोल्हापूर शहर आणि शिरोळ अशा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस घटत जाणाऱ्या रेषेवर वापरली, तर तुलनेला अर्थ येतो.

आंबा घाटातून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलात, तर ही पद्धत चालणार नाही. सागरी टार्डिग्रेड वाळूच्या कणांमधील पाण्यात राहतात. केरळच्या किनाऱ्यावरील स्टायगार्क्टस केरलेन्सिस या जातीचे वर्णन २०२१ मध्ये झाले, तर तमिळनाडूतील बॅटिलिपिस कलामीचे २०२३ मध्ये. अशी वाळू क्षणभर गोड्या पाण्यात ढवळली की प्राणी कणांवरची पकड सोडतात. वरचे पाणी लगेच अतिशय बारीक जाळीतून गाळून जाळीवर उरलेला ऐवज पुन्हा समुद्राच्या पाण्यात सोडावा. यासाठी किनाऱ्यावरूनच एक बाटली खारे पाणी भरून आणावे लागते.