टाकीची सावली

म्हापशातल्या आमच्या गच्चीवर मेमध्ये सोलर पॅनेल बसवले. तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली कसली ती नाही! डिसेंबरात मात्र वीज घटली. बसवणारा म्हणाला, "धूळ असेल." पुसून झाले, फरक शून्य.

मग पाण्याच्या टाकीच्या सावलीचा हिशेब केला. मध्यान्ही सूर्याची अंशांतली उंची म्हणजे ९० वजा अक्षांश, अधिक सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला (उणे) आहे ते. आमचा अक्षांश १५.६, २१ डिसेंबरची क्रांती उणे २३.४, उरले ५१ अंश. दक्षिणेची टाकी स्टँडसकट अडीच मीटर. भागिले टॅन ५१ (त्रिकोणमितीतले गुणोत्तर, सुमारे १.२३), सावली दोन मीटर. पॅनेल टाकीच्या उत्तरेला दीड मीटरवर! साडेतीनला सूर्य ३२ अंशांवर, सावली चार मीटर, पण तिरकी, उत्तरेकडे पावणेतीनच. पॅनेल तीन मीटरवर सरकवले. टाकी हलवायला प्लंबर मिळतो कुठे?