साथीतल्या माहितीची वांशिक तुलना करताना या चुका टाळा

अमेरिकेत कोविडच्या काळात आजाराबद्दल कोणत्या समाजाला किती ठाऊक आहे, हे मोजायला सर्वेक्षणं झाली. गोऱ्यांचे गुण जास्त आणि कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वारशाच्या) लोकांचे कमी दिसले, की त्या समाजांना अज्ञानी ठरवून मोकळं होऊ नका. आधी फरक प्रश्नावलीतून, तारखांतून की नमुन्यातून आलाय ते तपासा. असा शिक्का चुकीचा बसला तर तो पुसायला फार काळ जातो.

‘माहीत नाही’ म्हणजे चूक नव्हे

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. समजा, दोन्ही गटांत १०० पैकी ६० जणांना उत्तर खरोखर ठाऊक आहे. एका गटातले उरलेले ४० जण ‘हो-नाही’च्या प्रश्नावर अंदाजाने खूण करतात, त्यातले साधारण २० बरोबर येतात आणि गट ८० वर जातो. दुसऱ्या गटातले ४० जण प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ निवडतात, म्हणून तो ६० वरच राहतो. ज्ञान सारखं असूनही २० टक्क्यांची दरी तयार झाली. म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी बरोबर, चूक आणि माहीत नाही अशा तीन टक्केवाऱ्या वेगळ्या द्या. ‘चूक’ जास्त असेल तर अफवा पोचलेली असू शकते. ‘माहीत नाही’ जास्त असेल तर संदेशच पोचलेला नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

प्रश्नच एका त्वचेसाठी लिहिलेला

‘ओठ निळे पडणं धोक्याचं आहे का?’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. पण गडद त्वचेवर निळेपणा सहज दिसत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने दिलेल्या धोक्याच्या लक्षणांतही पुढे त्वचेच्या रंगानुसार फिकट, करडी किंवा निळसर त्वचा, ओठ, नखं असा मजकूर आला. असा प्रश्न पकडायचा तर बाकीच्या प्रश्नांत सारखे गुण असलेले दोन्ही गटांतले लोक घ्या. त्या एकाच प्रश्नावर तरीही मोठा फरक उरला, तर त्याचे शब्द आणि भाषांतर तपासा, आणि तो वगळून बेरीज पुन्हा करा.

उत्तरसूची जुनी पडली

निरोगी माणसाने मास्क घालू नये, असं सुरुवातीला सांगितलं जात होतं. ३ एप्रिल २०२० ला सीडीसीने कापडी मास्कची शिफारस केली. स्पॅनिश प्रश्नावली उशिरा निघाली आणि त्या मुलाखती नंतरच्या आठवड्यात झाल्या, तर एकच उत्तर एका गटासाठी बरोबर आणि दुसऱ्यासाठी चूक ठरतं. प्रत्येक फॉर्मवर तारीख नोंदवा आणि एकाच आठवड्यातल्या मुलाखतींची तुलना करा.

नमुना तोकडा

हजार जणांत एखाद्या गटाचे ५० च असतील, तर त्याच्या टक्केवारीत सुमारे ±१४ ची चूक शक्य असते. ४०० असतील तर ±५. लहान गटातून मुद्दाम जास्त लोक निवडा आणि एकूण आकडा काढताना त्यांना लोकसंख्येतल्या वाट्याइतकंच वजन द्या. फक्त इंग्रजीत विचारलंत, तर ज्यांच्यापर्यंत माहिती सर्वात कमी पोचली तेच आशियाई स्थलांतरित बाहेर राहतात, आणि ‘आशियाई’ गुण फुगलेले दिसतात.

अविश्वास आणि अडचण यांना अज्ञान म्हणणं

अमेरिकेतल्या टस्कगी गावात १९३२ ते १९७२ सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्यसेवेने अभ्यास चालवला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने ‘लस सुरक्षित आहे’ला नकार दिला, तर तो प्रश्न विश्वास मोजतो. मांस कारखान्यातल्या कामगाराला अंतर राखायचं कळतं, पण कामाच्या रांगेत ते जमत नाही. ‘ठाऊक आहे का’, ‘पटतं का’ आणि ‘शक्य आहे का’ हे तीन प्रश्न वेगळे विचारा. त्यांचे गुण एकत्र करू नका.

शेवटच्या विश्लेषणात शिक्षण आणि उत्पन्न समान धरल्यावर फरक मिटला, तर ‘वंशाचा संबंध नाही’ असं लिहू नका. शिक्षण आणि उत्पन्नातली दरीच बऱ्याच अंशी वांशिक भेदभावातून आलेली आहे. समायोजनाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही तक्ते शेजारी छापा.